एक फेरा, चारशे मीटरचा

विहितगाव, नाशिक
रविवार, ११ जानेवारी

प्रिय साधना,

फोन करायचा सोडून दादा पत्र काय लिहीत बसला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतेस, चौथ्याला रडतेस आणि पाचव्याला “बरं, वहिनीला दे” म्हणतेस. कागदाला तसं करता येत नाही. तेव्हा पंखा लाव (तुमच्या सिंगापुरात जानेवारीतही लागतो म्हणे), निवांत बस आणि सलग वाच. अक्षर नेहमीसारखं नाही दिसलं तर समजून घे, इकडे गारठा इतका आहे की बोटं आखडलीत.

आधी गोड बातमी. आपली यशश्री निवडली गेली. लष्करी पोलिसात, अग्निवीर म्हणून. परवा शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी यादी लागली. मी एका हवालदारसाहेबांच्या बाहीवर पट्ट्या बसवत होतो. ही आली आणि तिनं माझं चालू मशीन बंद केलं. माझं चालू मशीन आजवर कुणी बंद केलेलं नाही, तुझ्या वहिनीचीसुद्धा हिंमत झालेली नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाली, “आप्पा, माझं माप घ्या.” मला दोन क्षण कळेचना. मग कळलं, तेव्हा चष्म्यात पाणी आलं आणि माप सव्वा इंचानं चुकलं. शेजारचा बहिरू सुतार रंधा टाकून धावत आला आणि म्हणाला, “गोविंदा, आता तुझ्या पोरीला सलाम ठोकावा लागंल का रे? मला नाय जमायचं, माझा गुडघा लय दुखतो.” सलाम गुडघ्यानं ठोकत नाहीत, हे मी त्याला समजावून सांगितलं. तोवर तुझी वहिनी, कला, मळ्यातून शेवंती घेऊन आली होती. तिनं आधी पोरीला ओवाळलं, मग माझ्या मशीनला फूल वाहिलं, आणि बहिरूनं उरलेली फुलं स्वतःच्याच डोक्यावर उधळून घेतली. मार्चमध्ये बंगळूरला ट्रेनिंग. चार वर्षांची नोकरी, त्यातून शंभरातले पंचवीस पुढे ठेवतात. पंचाहत्तरांत आली तर काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, “तर चार वर्षांनी परत येऊन तुमचं दुकान चालवीन, आणि मशीन तुम्हाला विचारून बंद करीन.”

आता तुझ्या कामाचं. चोवीस नोव्हेंबरला तू अथर्वला माझ्याकडे पाठवलंस. त्याला सांगितलंस, परीक्षा संपली, मामाकडे जाऊन सुट्टी घालव. मला मात्र फोनवर वेगळंच सांगितलंस. “दादा, त्याला तिकडेच ठेवून घे, वीस जानेवारी उलटू दे, मी नाशिकच्या कॉलेजात चौकशी केलीय.” वीस तारखेला त्यानं सिंगापूरच्या सैन्यात हजर व्हायचं, सक्तीची दोन वर्षं. नाही झाला तर पुन्हा त्या देशात पाऊल ठेवल्याबरोबर खटला. म्हणजे त्याला त्याच्या घरी यायची सोय नाही, मित्र तिकडे, बाप तिकडे. हे सगळं तुला माहीत होतं आणि तरी तू म्हणालीस. तुझं गाऱ्हाणंही मला तोंडपाठ आहे: “आपल्याकडे पोरं भरतीला हजारांनी पळतात, धक्काबुक्की करतात, आणि माझ्या एकुलत्या एकाला नोटीस पाठवून ओढून नेतात. लहानपणी त्याला किती दम लागायचा ते तू पाहिलंयस. त्याला कुणी एका शब्दानं विचारलं का?” मी “बघतो” म्हणालो. मी “बघतो” म्हटलं की गिऱ्हाईक समजतं काम झालं. तूही तसंच समजलीस.

एक सांगायचं राहू नये म्हणून इथेच सांगतो. तुम्ही तिकडची कायमची वस्ती घेतलीत तेव्हा त्या कागदांवर मुलाच्या या दोन वर्षांचं कलम होतंच. तुझ्या मयुरेशरावांनी ते वाचून सही केली होती, तू न वाचता. मी नववी नापास माणूस, पण कागद वाचल्याशिवाय सही केलेली नाही. बाजारातून जुना युनिफॉर्म आणून, त्याचा टाका न् टाका उसवून मी शिवण शिकलो आणि पोशाखाची नियमावली वाचता यावी म्हणून इंग्रजी शिकलो. खिशाचं झाकण किती, घडी किती बोटांची, नावाची पट्टी कुठल्या टाक्यावर, हे कॅम्पातले साहेब मला विचारतात. असो. आपली लाल करायला पत्र लिहीत नाहीये.

अथर्व आला तो चक्क अर्ध्या चड्डीत. नोव्हेंबरात, नाशिकमध्ये, पहाटे! कलानं त्याला माझा स्वेटर, माझी शाल आणि माझीच कानटोपी घातली आणि मला म्हणाली, “अहो, तुम्ही तरुणपणी असेच दिसायचात, फक्त इतके उंच नव्हता.” पोराचं मराठी चांगलं ठेवलंयस, तुला मानलं. फक्त वाक्याच्या शेवटी तुमचा तो सिंगापुरी “ला” लावतो. “मामी, बास ला.” “मामा, चालेल ला.” आठ दिवसांत कलाही तेच बोलायला लागली. परवा भाजीवालीला म्हणाली, “मेथी एवढीच का ला?” ती बिचारी बघतच राहिली.

यशी तेव्हा भरतीची तयारी करत होती. रोज सकाळी सहाला शाळेमागच्या मैदानावर. मुलींना सोळाशे मीटर आठ मिनिटांत पळावं लागतं. तिचे आठ सहा, आठ सात, आठ पाच असे यायचे. सहा सेकंद जास्त लागत होते, आणि ते सहा सेकंद काही केल्या हलेनात. मैदानाचा फेरा मी स्वतः मोजून दिला होता. ऑक्टोबरात तिनं विचारलं, “आप्पा, तुमच्याइतकं काटेकोर कोण मोजणार?” त्यावर कुठला बाप नाही म्हणेल? दीड मीटरची टेप, गुडघ्यावर बसून, दर टेपेला खडूची खूण. दोनशे सहासष्ट वेळा टेप टाकली आणि वर एक मीटर. चारशे. शाळेची पोरं हसत होती, एकानं विचारलं, “काका, मैदानाला पँट शिवताय का?” मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण एकशे ऐंशीवर होतो आणि आकडा विसरलो असतो.

अथर्व दुसऱ्या दिवसापासून तिच्याबरोबर पळायला लागला. त्याचं लहानपणचं दम लागणं वगैरे सगळं विसर. तिच्या पुढे चार पावलं राहायचा आणि उलटं वळून पळत पळत तिला चिडवायचा. “पोलीस, चोर पुढे आहे!” ती शिव्या घालत पळायची. मला पुतणे, भाचे पुष्कळ आहेत, पण इतका आनंद घरात कधी आला नव्हता. संध्याकाळी गच्चीवर हरभऱ्याचा हुळा भाजायचा, बोटं काळी करत खायचा आणि दोघांनी भांडायचं. मी खाली काजं करत ऐकायचो. ती म्हणायची, “तुला घरी पत्र पाठवून बोलावलंय आणि तू तोंड पाडून बसलायस. मला तर दात मोजून, छाती मोजून, पळवून बघणार, आणि मग घ्यायचं की नाही ते ठरवणार.” तो म्हणायचा, “म्हणून तर. तुमच्याकडे ज्याला हवं तोच जातो. आमच्याकडे डॉक्टरचा मुलगा, टॅक्सीवाल्याचा मुलगा, सगळे एकाच खोलीत. कुणी सुटत नाही.” यशी म्हणाली, “हे बरंय की. आमच्या रांगेत मी अजून एकाही आमदाराचं पोर बघितलं नाही.” तो म्हणाला, “पण तुमच्या रांगेत रडणारा नसतो. आमच्या खोलीत चार तरी असतात.” मग ती म्हणाली, “तुला जायचं नाहीये का?” आणि तो म्हणाला, “मला ते कुणी विचारलंच नाहीये, त्यामुळे मी अजून ठरवलंच नाही.”

साधना, माझी सुई तिथंच थांबली. मला वाटत होतं तो घाबरलाय. तुलाही तेच वाटत होतं. तो घाबरलेला नव्हता, चिडलेला होता.

डिसेंबरच्या दहा तारखेची गोष्ट. अथर्वच्या मनगटावर ते घड्याळ आहे ना, आकाशातून अंतर मोजणारं, ते रोज चार फेऱ्यांना एक पूर्णांक चौसष्ट किलोमीटर दाखवायचं. तो म्हणाला, “मामा, फेरा मोठा आहे.” मी म्हणालो, “घड्याळ तुझं आहे, टेप माझी आहे.” पण आहे तो माझाच भाचा. दुपारी बहिरूकडून सुताराची स्टीलची टेप आणली, माझी मैदान मोजलेली टेप खुंटीवरून काढली आणि कापायच्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. माझी टेप जवळजवळ दीड इंच लांब भरली. कापडी टेप, तीस वर्षांची, ओढून ओढून ताणलेली. म्हणजे मी ज्याला चारशे म्हणत होतो ते चारशे दहा होते, आणि आपली यशी दोन महिने रोज चाळीस मीटर फुकट पळत होती. त्यानं फळ्यावर हिशेब मांडला. सोळाशेला तिचे सात चोपन्न होत होते. ती कधीचीच पास झालेली होती, ला.

मी हसलो. म्हणालो, बघ, जुनी वस्तू. तोही हसला. मग त्यानं माझ्या गळ्याकडे बघितलं. माझ्या गळ्यात नेहमी एक टेप असते हे तुला माहीत आहे. तो अगदी हळू म्हणाला, “मामा, ही तर नवीन आहे. मग त्या दिवशी ही का नाही वापरली?”

आता जे लिहितो ते मी कलालाही सांगितलेलं नाही. ती जुनी टेप लांब झाली आहे हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्यामुळे एका साहेबांच्या कोटाची बाही बिघडली, तेव्हा मी ती तपासली, दीड इंच म्हणून मनात नोंद केली आणि खुंटीला टांगली. पहिली टेप, टाकवत नाही म्हणून. त्या दिवशी यशीनं मैदान मोजायला सांगितलं आणि मी गळ्यातली काढून ठेवून खुंटीवरची घेतली. हात आपोआप गेला, असं मी स्वतःला सांगत होतो. हात आपोआप जात नसतात, निदान माझे तरी. तीस वर्षं मी या पोरांचे कपडे शिवतोय. सतरा-अठराची येतात, कमर अठ्ठावीस, नजर खाली. सहा महिन्यांनी छाती दोन इंच वाढलेली, म्हणून मी आधीच शिलाईत माया जास्त सोडतो. काही पोरांची मापं माझ्या वहीत आहेत आणि पोरं नाहीत. पोरगी एकोणीस वर्षांची, तिला माझी सही लागत नव्हती, नाहीतर सहीच अडवली असती. सगळ्या गल्लीला सांगत फिरलो, माझी लेक फौजेत जाणार, आणि गुडघ्यावर बसून, खडूनं खुणा करत, दोनशे सहासष्ट वेळा तिला मागे ओढत गेलो. सहा सेकंदांत हरली असती तर मी तिचे डोळे पुसले असते आणि म्हणालो असतो, बाळ, पुढच्या वर्षी.

अथर्वसमोर मी फळ्यावरचा हिशेब पुसायला घेतला. त्यानं जुनी टेप गुंडाळून खिशात घातली. यशीला त्यानं संध्याकाळी एवढंच सांगितलं, “मामाची टेप म्हातारी झाली ला, तू पास आहेस.” ती किंचाळली, त्याला मिठी मारली, मग मला मारली. तिच्या खांद्यावरून तो माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. नंतर जेवताना, कला भाकरी आणायला आत गेली तेव्हा त्यानं विचारलं, “मामा, आईनंही मला सुट्टीसाठीच पाठवलंय ना?” मी पाण्याचा तांब्या उचलला आणि प्यालो. एवढं उत्तर त्याला पुरलं असावं.

भरतीचं मैदान एकोणतीस डिसेंबरला पुण्याला झालं. आम्ही चौघंही गेलो. बापांना आत सोडत नाहीत. कुंपणाबाहेर उभं राहायचं. तिच्या तुकडीत पंचवीस मुली होत्या. गावोगावच्या, कुणाची आई कुंपणाला डोकं टेकून देवाचं नाव घेतेय, कुणाचा भाऊ नुसताच “पळ! पळ!” ओरडतोय. सात मिनिटं एक्कावन्न सेकंद. शेवटच्या वळणावर ती अशी सुटली की अथर्व कुंपणावर चढला आणि कुठल्या भाषेत ओरडला ते देव जाणे, शिपाई त्याला खाली उतर म्हणेना, तोही बघत होता. कलानं शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. मी घड्याळ दोनदा तपासलं आणि मग रडलो. सधे, मी आजवर इतका कशालाच भ्यालो नव्हतो आणि इतका कशानं सुखावलोही नव्हतो. आणि हे दोन्ही त्याच एक्कावन्नाव्या सेकंदाला. तिथं मला कळलं की मी तिला अडवून ठेवलं असतं तर ती माझ्याजवळ राहिली असती, पण जी आत्ता पळत होती ती राहिली नसती.

परतीच्या बसमध्ये दोघी झोपल्या होत्या. नारायणगाव गेल्यावर मी अथर्वला विचारलं, “तुला काय करायचंय?” तुझ्या सरकारनं विचारलं नाही, ते त्यांचं त्यांच्यापाशी. सरकारला लाखो पोरं, त्याला जमत नसेल. पण तू विचारलं नव्हतंस, मी विचारलं नव्हतं. तू त्याला सुट्टीच्या नावाखाली पाठवलंस, मी मैदानाच्या नावाखाली पोरीला रोखलं. तिकडे सक्तीनं नेतात, इकडे सक्तीनं ठेवतात. त्यांच्या सक्तीला निदान तारीख असते, दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. आपल्या सक्तीला तारीख नाही, आणि वर तिला आपण जीव लावणं म्हणतो. अथर्व म्हणाला, “दोन दिवस द्या, मामा.” तो दोन दिवस एकटाच मैदानावर फेऱ्या मारत होता. यशीलाही त्यानं बरोबर घेतलं नाही. एकतीस तारखेला त्यानं मला येऊन सांगितलं. मी ते ऐकून घेतलं आणि त्याच्यासाठी शिवायला घेतलेला कोट त्याला दाखवला.

तर हे पत्र मी टपालानं पाठवत नाहीये. मंगळवारचं तिकीट त्यानं स्वतः काढलंय, आणि तुला आधी कळवू नका म्हणाला, म्हणून मी तुला फोन केला नाही. त्यासाठी रागाव, पण माझ्यावर. दारात त्याला बघून तू एकदम बोलू लागशील याची त्याला भीती होती. तो म्हणाला, “मामा, आई एकदा सुरू झाली की माझं राहून जातं. मी बोलायच्या आधी तिनं गप्प बसावं असं काहीतरी करा.” मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून सहा पानं लिहिली. तू ती वाचत होतीस तेवढा वेळ तो तुझ्यासमोर बसलेला असेल. हातात कोट असेल, मी शिवलेला, खांदा साडेसतरा, बरोबर मोजलाय. आला आहे म्हणजे अर्धं तुला कळलंच. उरलेलं मी लिहिणार नाही, ते त्यानं सांगायचं. तो म्हणतो, पहिल्या दिवशी तिथल्या छावणीत घरच्यांना पोरांबरोबर जेवायला बसू देतात, आणि त्याला एकाच गोष्टीची काळजी आहे की त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहील. आता मान वर कर, साधना, आणि त्याला विचार.

तुझाच, आणि आता त्याचाही,
गोविंददादा